पन्नाशीच्या अलीकडचे

पन्हाळ्यावर बाहेरचा माणूस दोन कामांसाठी येतो. गड बघायला, नाहीतर प्लॉट बघायला. गड बघणारा तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी, अंधारबाव असं उरकतो, झुणका-भाकरी खातो आणि दिवेलागणीला कोल्हापूरच्या वाटेला लागतो. प्लॉट बघणारा फक्त सूर्यास्त बघतो आणि चहावाल्याला विचारतो, "इथं कायमचं राहायचं म्हटलं तर काय काय लागतं हो?" चहावाल्याच्या सात पिढ्या इथल्याच. त्याला प्रश्नच कळत नाही. "काय लागतंय? स्वेटर लागतोय," तो म्हणतो.

परदेशी वकिलाती इतकं सरळ उत्तर देत नाहीत, हे मला माझ्या साडूंमुळे कळलं.

साडू पन्हाळ्याचेच. वय 47. खाली गावात दोन एकर ऊस, तिथंच गोठ्यात दोन म्हशी आणि वर पन्हाळ्यावर घरामागे दोन खोल्यांचं होम-स्टे. खोलीच्या खिडकीतून रंकाळा दिसतो असं ते पाहुण्यांना सांगतात. चार महिने पाऊस आणि दोन महिने धुकं, त्यामुळे आजवर त्यांना कुणी खोटं पाडू शकलेलं नाही. मुंबई-पुण्याची माणसं पंचवीस वर्षं हप्ते फेडून म्हातारपणी जिथं यायची स्वप्नं बघतात, तिथं हा गृहस्थ जन्मालाच आलेला. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना त्यांनी जाहीर केलं, "पाव्हणं, आम्ही थायलंडला निघालोय. कायमचं."

कोल्हापूर जिल्ह्यात 'थायलंड' हा शब्द चारचौघांत, त्यातही बायकांसमोर, कसा आणि किती हळू उच्चारायचा याचे संकेत ठरलेले आहेत. साडूंनी ते पाळले नाहीत. मेव्हणी चकलीचं ताट घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"एकटेच का?"

"सगळी की गं! फॅमिलीला घेऊन जाता येतंय."

"दाजी, तुम्ही तरी विचारा यांना," ती मला म्हणाली आणि चकल्या माझ्यापुढे ठेवून गेली. साडूंपुढे ठेवल्या नाहीत.

मी विचारलं. त्यांना जायचं होतं चियांग माईला. उत्तर थायलंडमधलं डोंगराच्या पायथ्याचं शहर. जुन्या गावाला तट आहे, खंदक आहे, वर डोंगरावर मोठं देवस्थान आहे, थंडीत हवा गार. मी म्हटलं, "अहो, म्हणजे पन्हाळाच झाला की. ज्योतिबासकट."

"न्हवं," साडू म्हणाले. "तिथं मला कोण ओळखत नाही."

हे कारण मला एकदम पटलं. पन्हाळ्याची वस्ती तीन-साडेतीन हजारांची. एवढ्या माणसांना एक नगरपरिषद, शिवाय सेवा सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, खाली आलं की साखर कारखाना, जिल्हा बँक आणि गोकुळ दूध संघ. प्रत्येकाची निवडणूक, प्रत्येक निवडणुकीला दोन पॅनेल, आणि साडूंचा चुलतभाऊ एका पॅनेलात तर सख्खा मेव्हणा दुसऱ्यात. मतदान गुप्त असतं म्हणतात. पण मतपेटीला सील लागायच्या आत साडूंनी कुणाला दिलं ते दोन्ही घरी पोचलेलं असतं, आणि पुढची दोन वर्षं लग्नाच्या पत्रिका एकाच घरातून येतात. "मला असा देश पायजे," ते म्हणाले, "जिथं मला मत नाही."

आता व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण विचारतात. पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, नोकरी, उपचार. 'मतदारयादीतून सुटका' असा रकाना जगातल्या कुठल्याच देशाच्या अर्जात नाही. तो असता तर पश्चिम महाराष्ट्र रिकामा झाला असता.

घोळ सुरू झाला वयावरून. थायलंडचा निवृत्तांसाठीचा व्हिसा आहे आणि तो तसा सोयीचा आहे. बँकेत आठ लाख बाट ठेवायचे, नाहीतर महिन्याला 65 हजार बाट उत्पन्न दाखवायचं, आणि वर्षभर निवांत राहायचं. वर्ष संपलं की पुन्हा वाढवायचा. अट एवढीच की वय 50 पूर्ण हवं. साडूंना तीन कमी. दुबईच्या निवृत्ती-व्हिसाला 55 लागतात, म्हणजे आणखी लांब. एकूण जगभरच्या सरकारांचा असा समज दिसतो की पन्नाशी उलटली की माणूस निरुपद्रवी होतो. त्यांनी आमच्याकडची एकही वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिलेली नाही. तिथं माइक हिसकावणारे आणि खुर्च्या उचलणारे सगळे साठीच्या पुढचे असतात. पन्नाशीच्या आतले बिचारे नाष्ट्याचे पुडे वाटत असतात.

साडूंची जन्मतारीख 1 जून. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख 1 जून आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, आई पोराला धरून आणायची, गुरुजी तारीख विचारायचे. "बेंदराच्या आदल्या दिवशी. लई पाऊस लागला हुता," एवढी माहिती मिळायची. मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागतो का बघायचे, आणि हात लागला की 1 जून लिहून टाकायचे. हीच मंडळी पुढं नोकरीतून दर 31 मेला घाऊक निवृत्त होतात. गुरुजींनी वय वाढवून लावलं, हकनाक दोन वर्षं नोकरी गेली, असं रडणारे मी खंडीभर पाहिलेत. गुरुजींनी कमी लावलं म्हणून बोटं मोडणारा हा पहिलाच. "हात लागत नव्हता तरी वडिलांनी ओढून लावला हुता," ते म्हणाले, "तवाच आणखी तीन वर्षं वाढीव लिवली असती तर आज मोकळा झालो असतो."

पन्नाशीच्या आतल्यांचा विचार थायलंडनं केलेला नाही असं नाही. जुलै 2024 मध्ये त्यांनी एक नवा व्हिसा काढला. वीस वर्षांपुढचा कुणीही चालतो. बँकेत पाच लाख बाट शिल्लक दाखवायची, मुदत पाच वर्षं, एका खेपेला 180 दिवस राहायचं. मात्र कारण लागतं. एकतर लॅपटॉपवर दुसऱ्या देशातलं काम करणारा माणूस हवा, नाहीतर थाई संस्कृती शिकायला आलेला. साडूंचा लॅपटॉप मुलीच्या अकरावीसाठी घेतलेला आहे आणि त्याचा पासवर्ड त्यांना माहीत नाही, म्हणून संस्कृती. संस्कृतीत दोन विषय ठळक दिसले. मुए थाय, म्हणजे त्यांचं ते हातापायांचं बॉक्सिंग. आणि थाई स्वयंपाक.

बॉक्सिंग वाचून साडू खुलले. लहानपणी ते तालमीत जायचे. म्हणजे थंडाईच्या वेळेला जायचे, पण जायचे. "कुस्ती चालती का विचारा," ते म्हणाले. जिथं शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचं मैदान बांधून दिलं त्या जिल्ह्यातल्या माणसानं हे विचारणं रास्तच. पण नाही चालत. मारामारी त्यांचीच शिकायला लागते.

"स्वयंपाकाचं घ्या," मेव्हणी आतून म्हणाली. "निदान परत आल्यावर घरात उपेग हुईल."

साडूंनी उभ्या आयुष्यात चहा केलेला नाही. पण थाई हिरव्या रश्श्यात नारळाचं दूध घालतात हे मोबाइलवर दिसताच त्यांना बळ आलं. नारळाचं दूध आपल्या पांढऱ्या रश्श्यात असतंच, मटणही असतं. उलट आपणच त्यांना चार गोष्टी शिकवू, असा विचार त्यांनी मांडला. इथं मला नियम वाचून दाखवावा लागला. त्या व्हिसावर शिकलेलं चालतं. तिथं कुणाला शिकवायचं, तर ते काम झालं, आणि त्याला वर्क परमिट लागतं. माणूस सहा महिने एखाद्या गावात राहतो आणि कुणालाही काहीही शिकवत नाही, ही अट कोल्हापूरकराला पाच लाख बाटांपेक्षा अवघड आहे.

शिवाय दर 90 दिवसांनी राहत्या पत्त्याची वर्दी द्यायची. "म्हंजे हजेरी?" मेव्हणीनं विचारलं. आमच्याकडे ठराविक दिवसांनी ठाण्यात हजेरी कुणाला लावावी लागते हे तिला नीट माहीत आहे. तिच्या माहेरचे एक लांबचे काका कारखान्याच्या निवडणुकीनंतर काही दिवस लावत होते.

हा सगळा अभ्यासक्रम टाळायचा तर थायलंडचं पैशाचं दारही उघडं आहे. 2023 मध्ये त्यांनी आपलं जुनं श्रीमंतांचं कार्ड नव्यानं बांधलं, त्यातलं सगळ्यांत खालचं साडेसहा लाख बाटांचं, पाच वर्षांसाठी. वरचं पन्नास लाखांचं. वय विचारत नाहीत, कारण विचारत नाहीत, विमानतळावर माणूस पाठवून घेऊन जातात. पैसे परत मिळत नाहीत एवढंच. साडूंनी हिशेब केला, साडेसहा लाख बाट म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये. "एवढ्यात जाफराबादी म्हशी किती येतील," ते पुटपुटले आणि आम्ही पुढच्या देशाकडे वळलो.

मलेशिया झाला. त्यांची योजना 2002 पासूनची. मधल्या काळात अटी इतक्या कडक केल्या की कुणी फिरकेना. मग 2024 मध्ये वयाची अट 25 वर आणली आणि चांदी, सोनं, प्लॅटिनम अशा पायऱ्या केल्या. चांदीच्या पायरीला दीड लाख डॉलरची ठेव, वर घर विकत घ्यायचं. शिवाय पन्नाशीच्या आतल्यानं वर्षातले 90 दिवस तिथं राहिलंच पाहिजे, पन्नाशीच्या पुढच्याला सूट. म्हणजे तरुण माणसाला घ्यायचं, पण तो खरंच राहतो का यावर लक्ष ठेवायचं. सावध सासऱ्यांचं धोरण आहे हे. बार्बाडोसनं 2020 मध्ये करोनात पर्यटक आटले तेव्हा बारा महिने येऊन राहा असा शिक्का काढला, त्याला वर्षाचं उत्पन्न 50 हजार डॉलर लागतं. एस्टोनियानं त्याच साली लॅपटॉपवाल्यांसाठी व्हिसा काढला. तिथलं हिवाळ्यातलं तापमान वाचून साडूंनी नकाशा मिटला. पन्हाळ्यावर डिसेंबरात अंघोळ टाळणारा माणूस तो.

खरा रंगला तो पोर्तुगाल.

पोर्तुगालचा एक व्हिसा आहे, त्याला लोक निवृत्तांचा म्हणतात, पण त्यात वयाची अट नाही. घरबसल्या नियमित उत्पन्न येत असल्याचं दाखवायचं, बस. भाडं, लाभांश, पेन्शन, काहीही. आणि किती, तर त्यांच्या किमान वेतनाएवढं. 2025 मध्ये महिन्याला 870 युरो. बायकोसाठी त्याच्या निम्मं आणखी, मुलासाठी तीस टक्के. साडू म्हणाले, "हे आपलं आहे."

मग एका रविवारी आम्ही कागद मांडून बसलो. मी रकाना वाचायचा, त्यांनी उत्तर द्यायचं.

"श्रम न करता मिळणारं मासिक उत्पन्न?"

"ऊस."

"ऊस श्रम न करता येतो?"

"मी कुटं श्रम करतोय? लावण दुसरा करतोय, तोड कारखाना करतोय."

हे खरं होतं. पण उसाचं बिल मासिक नसतं. कायद्यानं ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची. प्रत्यक्षात पहिली उचल, मग आंदोलन, मग राहिलेली रक्कम, आणि दिवाळीला नशीब असेल तर कांडं-बिल. या उत्पन्नाची सरासरी लिस्बनच्या अधिकाऱ्याला कशी समजावणार? त्याला वाटेल, माणूस वर्षातून एकदा दरोडा घालतो.

"म्हशी," साडू म्हणाले. "गोकुळचं बिल दर दहा दिवसांनी. बँकेत जमा. स्लिप हाय." उत्पन्न नियमित, पुरावा कडक, प्रश्नच नाही. पण म्हशीला श्रमाविना उत्पन्न म्हणायचं कसं? पहाटे चारला धार काढायला कोण उठतं, असं मी विचारलं. साडूंनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिकडून भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला. "मग माझ्यापुरतं श्रमाविना आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. आम्ही तो रकाना पेन्सिलीनं भरला.

राहता राहिलं होम-स्टेचं भाडं. ते आहे, महिन्याला येतं, मेव्हणीच्या फोनवर. स्कॅनरचा कागद तिच्या खात्याचा आहे; साडूंच्या खात्याचा लावला होता तेव्हा पैसे तालुक्याच्या बाहेर जात नसत, पण घरातही येत नसत. म्हणजे तीन उत्पन्नांपैकी एक अनियमित आणि दोन बायकोची. जमिनीचा सात-बारा जोडावा म्हटलं तर त्यावर अजून आजोबांचं नाव आणि खाली अकरा वारस. त्यातले दोन परस्परांशी बोलत नाहीत, म्हणजे अर्थात मघाची दोन पॅनेलं. पासपोर्टवर आडनाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कारण गुरुजींनी घराण्याचं आडनाव सोडून पाटीलकीचं लावलेलं. पोलिसांचा दाखला, जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला. सगळ्यांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा, शिक्का. विवाहाचा दाखला नव्हताच. वीस वर्षांनी नोंदणीला जायचं म्हटल्यावर मेव्हणी पहिल्यांदा हसली. "आता विचार करून सही करते," म्हणाली.

शेजारच्या गोव्यात हे सगळं आजोबांनी करून ठेवलेलं आहे. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्याला, आणि त्याच्या मुला-नातवंडांनाही, लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. मग भारताचं सोडावं लागतं, ती गोष्ट वेगळी. पण अर्ध्या युरोपात कुठंही राहायला मोकळे. पन्हाळ्यापासून गोव्याची हद्द दोन-अडीचशे किलोमीटरच्या आत. आपल्या पूर्वजांनी तेवढं चालायला काय हरकत होती, असा साडूंचा सूर. मी त्यांना सांगितलं की पोर्तुगीजांच्या चारशे-साडेचारशे वर्षांच्या अमलाखाली राहणं ही त्या व्हिसाची फी होती, आणि ती आगाऊ भरलेली होती.

मॉरिशसचं मात्र मलाच मनातून आवडलं होतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटिया म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथं आहेत, मराठी शाळेत शिकवतात, गणेशचतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. वर्षभराचा व्हिसा, फी नाही, महिन्याला दीड हजार डॉलर उत्पन्न दाखवायचं. साडूंनी 'मराठी' एवढाच शब्द ऐकला. "मराठी मंडळ असंल?" असंल म्हणजे काय, चांगली मोठी संस्था आहे म्हटलं. "मग तिची निवडणूक असंल," ते म्हणाले, आणि मॉरिशस बाद झाला.

या सगळ्यात मला गंमत वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. हे गृहस्थ गेली काही वर्षं स्वतः याच खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बसतात. होम-स्टेला परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एक तरुण परदेशी जोडपं आलं होतं, सायकलवरून. साडूंनी त्यांना ओसरीत बसवलं, चष्मा लावला आणि पासपोर्ट उलटसुलट करून अर्धा तास चौकशी केली. बापाचं नाव? आधी कुठं होता? पुढं कुठं जाणार? त्या मुलानं बोटानं डोंगर दाखवला. साडूंनी पुढच्या मुक्कामाच्या रकान्यात 'ज्योतिबा' टाइप केलं. मग विचारलं, "लग्न झालंय का?" हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही. त्या जोडप्याला पन्हाळा इतका आवडला की पावसाळाभर राहतो म्हणाले. "जॉब काय?" साडूंनी विचारलं. सध्या नाही. वय? तिशीचं. साडूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाव्हणं, जवान माणूस, कामधंदा नाही, नुसतं राहायचं म्हणतोय. कायतरी भानगड असणार."

आपल्या देशाचंही मत साडूंसारखंच आहे. भारतात निवृत्तांसाठी व्हिसा नाही, लॅपटॉपवाल्यांसाठी नाही, आणि नुसतं बसून राहणाऱ्यासाठी तर नाहीच. पर्यटन-व्हिसा पाच वर्षांचा मिळतो, पण वर्षाला 180 दिवसांच्या वर राहायचं नाही. नोकरी-व्हिसाला वर्षाचा पगार सव्वासोळा लाखांच्या वर लागतो. त्यातून ज्या मोजक्या लोकांना सूट आहे त्यांत परदेशी पदार्थ करणारे आचारी आहेत. म्हणजे थायलंड म्हणतं स्वयंपाक शिकायला या, आपण म्हणतो करायला या. दोन्ही देशांचं पोटाबाबत एकमत दिसतं. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी लोकांबद्दलचे जुने चार कायदे जाऊन एकच नवा लागू झाला. त्यातही पावसाळाभर धुकं बघत बसायचा व्हिसा आलेला नाही.

या गडाला मात्र लांब मुक्कामाचा सराव जुना आहे. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज व्यापारी त्याच्या मदतीला तोफा घेऊन आले आणि आपलं निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकायला लागले. आले होते व्यापाराच्या परवान्यावर, केलं भलतंच काम. आजच्या भाषेत व्हिसाच्या अटींचा भंग. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरवर जाऊन वखार खणून काढली आणि हेन्री रेव्हिंग्टन वगैरे साहेबांना उचलून कैदेत टाकलं. त्यांच्यातल्या काहींचा मुक्काम 1663 पर्यंत लांबला. खाण्यापिण्याची सोय सरकारी, वयाची अट नाही. जुलै 2021 च्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला तेव्हा आम्हीही वर असेच मुदतवाढीवर होतो, पण तक्रार करायला कंपनी सरकार नव्हतं.

आणि वळिवडं. 1943 मध्ये कोल्हापूरजवळच्या या गावी पोलंडची माणसं आली, पाचेक हजार, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना सैबेरियात नेऊन टाकलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर पोचली. शाळा काढल्या, चर्च बांधलं, नाटकं केली. पोरं हवापालटाला आणि शिबिरांना पन्हाळ्यावर यायची. बँकेतली शिल्लक दाखवा म्हणायची सोयच नव्हती, कारण ज्या गावात बँक होती ते गावच त्यांच्या हातून गेलेलं होतं. 1948 पर्यंत ती राहिली आणि मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशी पांगली. बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत उखडलेले सिंधी आले, आणि आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. लग्नाचं कापड घ्यायला अख्खा जिल्हा तिथं जातो. एक पोलिश मुलगी मात्र गेलीच नाही. कोल्हापूरची सून झाली आणि जन्मभर इथं राहिली. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी तिथं फूल वाहिलं, तेव्हा साडूंनी टीव्हीसमोर उभं राहून छाती फुगवली होती. त्या सायकलवाल्या जोडप्याचं काय, असं मी त्यांना तेव्हाच विचारायला हवं होतं, पण घरी पाहुणे होते.

माझं मत विचाराल तर पंचवीस ते पन्नास या वयात माणसानं कुठंतरी नुसतं जाऊन राहावं, हे कुठल्याच सरकारला बघवत नाही. कमावत असेल तर चालतं, पैसे टाकत असेल तर धावतं, शिकत असेल तर खपवून घेतात. रिकामा बसलेला जवान माणूस दिसला की थायलंडपासून पन्हाळ्यापर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

साडूंचं घोडं शेवटी असं गंगेत न्हालं. पाच लाख बाटांची शिल्लक कुणाच्या खात्यात दाखवायची असा प्रश्न आला, तेव्हा साडूंच्या पासबुकात सोसायटीच्या कर्जाचे हप्ते सोडून काही दिसेना. मेव्हणीनं आपलं पासबुक काढलं. होम-स्टेचे पैसे, दुधाचे पैसे, माहेरहून आलेली ठेव. बाट होऊन वर थोडे उरत होते. मग तिनंच चियांग माईतल्या एका पाकशाळेचा सहा महिन्यांचा वर्ग निवडला. अर्ज तिच्या नावानं झाला. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी धाडायची परवानगी आहे आणि दहा लाखांच्या वर जे धाडाल त्यावर वीस टक्के कर आधीच घेतात, हेही तिनं बँकेत जाऊन विचारून आणलं. साडू अर्जात आहेत, पण 'अवलंबून असलेली व्यक्ती' या रकान्यात. त्या रकान्याला वयाची अट नाही, उत्पन्नाची नाही, काही शिकावंही लागत नाही. त्यांनी सही करताना पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "हे पहिल्यांदा का नाही सांगितलं?"

जायचं नक्की झाल्यापासून दोन्ही पॅनेलची माणसं घरी येऊन गेली. टपाली मतदान होतं का, याची चौकशी चालली आहे.

अडलंय ते म्हशींपाशी. दोन्ही दुभत्या आहेत, एक जरा मारकी आहे. पहाटे चारला उठावं लागेल, बिल दर दहा दिवसांनी, राहायला गोठ्यालगत खोली. कुणाची तयारी असेल तर पन्हाळ्यावर येऊन चहाच्या टपरीवर विचारावं. वय पन्नासच्या आत असलं तरी चालेल, कागदपत्रं नकोत, स्वेटर आपला आणावा.